राज्यव्यवस्थेच्या पेपरात या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘जनता पंतप्रधानांना पाच वर्षांसाठी निवडून देते.’ मी शेजारी लाल पेनाने ‘कोण देतं?’ एवढंच लिहितो. जनता निवडते तो आपल्या मतदारसंघाचा खासदार. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिपरिषद टिकते ती लोकसभेचा विश्वास असेपर्यंत (राज्यघटनेचं कलम 75). पाच वर्षं ही लोकसभेची मुदत आहे, सरकारची नव्हे. 17 एप्रिल 1999 रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर वाजपेयी सरकारच्या बाजूने 269 मतं पडली, विरोधात 270. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकी अजून सोडलेली नव्हती. त्यांनीही त्या दिवशी विरोधात मत दिलं. एका मताने सरकार गेलं.

दुसरी चूक आकड्याची. ‘विधानसभेत 288 आमदार, म्हणून 145 लागतातच.’ लागतातच असं नाही. विश्वासदर्शक ठराव हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होतो. 145 ची गरज सगळे 288 मतदान करतील तेव्हा. 2014 मध्ये भाजपने 122 जागा जिंकल्या होत्या आणि फडणवीस सरकारचा ठराव नोव्हेंबरात आवाजी मतदानाने मंजूर झाला. त्यावरून सभागृहात गदारोळही झाला. ते योग्य होतं की नाही यावर वाद घाला, पण उत्तरात 145 हा आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा लिहू नका.

आता सगळ्यात जास्त गुण घालवणारी जागा. बहुमत मोजायचं कुठं? राजभवनाच्या हिरवळीवर आमदारांची शिरगणती करून नाही, पाठिंब्याच्या पत्रांवरून नाही आणि टीव्हीवरच्या पट्टीवरून तर नाहीच. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री बोम्मई यांच्या खटल्यात (1994) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: कसोटी सभागृहातच. इथवर सगळ्यांना पाठ असतं. गाडी घसरते ती शिवसेनेतल्या बंडानंतरच्या, 2022 च्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर. ‘न्यायालयाने राज्यपालांची कृती योग्य ठरवली’ असं निम्मे जण लिहितात. मे 2023 च्या निकालात नेमकं उलट आहे. बहुमत चाचणी बोलावण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता, असं घटनापीठ म्हणालं. तरीही उद्धव ठाकरे यांचं सरकार परत आलं नाही, कारण 29 जून 2022 ला त्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. मतदानच झालं नाही, मग न्यायालय रद्द काय करणार? हा धागा उत्तरात आला की मी पुढचं न वाचताच अर्धा गुण वाढवतो.

त्याच्याच जोडीला पक्षांतरबंदी. ‘दोन तृतीयांश आमदार फुटले की अपात्रता टळते’ हे चहाच्या टपरीवर चालतं, पेपरात नाही. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, 1985 साली एक तृतीयांश फुटीला संरक्षण होतं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकलं. आता दोन तृतीयांशाचा आकडा आहे तो विलीनीकरणासाठी, म्हणजे पक्ष दुसऱ्या पक्षात मिसळण्यासाठी. फूट आणि विलीनीकरण हे शब्द अदलाबदल करू नका.

बारीकसारीक चुका भराभर सांगतो. संसद म्हणजे फक्त दोन सभागृहं नव्हेत, राष्ट्रपतीही तिचा भाग आहेत (कलम 79). उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाही. संसदीय आणि प्रजासत्ताक हे शब्द एकाच अर्थाने वापरू नका: ब्रिटन संसदीय आहे पण तिथे राजा आहे, अमेरिका प्रजासत्ताक आहे पण संसदीय नाही.

‘आमदार नसलेली व्यक्ती मुख्यमंत्री होऊ शकत नाही’ हीसुद्धा चूकच. कलम 164(4) सहा महिने देतं. नोव्हेंबर 2019 मध्ये शपथ घेतलेले ठाकरे मे 2020 मध्ये विधान परिषदेवर गेले ते याच मुदतीत. यावर एका मुलीने समासात पेन्सिलीने विचारलं होतं: ‘सर, सहा महिने संपायच्या आदल्या दिवशी राजीनामा देऊन परत शपथ घेतली तर?’ पंजाबात एका मंत्र्याबाबत साधारण तसंच झालं होतं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली: त्याच विधानसभेच्या काळात, निवडून न येता, दुसरी संधी नाही.