वैद्यकातल्या नीतीच्या प्रश्नावर बोलताय, लिहिताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या वादविवाद स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो आणि पदवीच्या मुलांचे प्रकल्पही तपासतो. जनुकसंपादन, सरोगसी, दयामरण, अवयवदान, लसींच्या चाचण्या हे विषय आता दर वर्षी असतात. मुलं हे विषय घेतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण चुकाही दर वर्षी त्याच असतात. काही चुकांनी फक्त गुण जातात. काहींनी ऐकणाऱ्या माणसाचं नुकसान होतं, आणि मला जास्त बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

घडलं काय ते न तपासता निकाल देणं

एका तालुक्याच्या गावी बारावीतल्या एका मुलीने एचपीव्ही लसीच्या चाचणीवर भाषण केलं. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. ‘या लसीने सात मुलींचा बळी घेतला’ हे वाक्य तिने पुन्हा पुन्हा घेतलं आणि दर वेळी टाळ्या पडल्या. माझा विरोध असूनही बहुमताने पहिला नंबर तिलाच गेला. बक्षीस समारंभानंतर एक आई माझ्याकडे आली. ‘सर, आमच्या पोरीला डॉक्टरांनी हीच लस घ्या म्हणून सांगितलंय. नको म्हणून सांगू काय?’ गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून मुलीला वाचवणारी लस ती बाई एका भाषणापायी रद्द करायला निघाली होती. तिला समजावून सांगायला बराच वेळ गेला, आणि सभागृहातल्या बाकीच्या आया तर तोवर घरी गेल्या होत्या.

आता घडलं काय ते बघा. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात ‘पाथ’ या अमेरिकी आरोग्य संस्थेने आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, सहभागाने दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवण्यात आलं. चौकशीत निघालं ते असं: एक मुलगी पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक घेतलं, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोन मृत्यूंचाही लसीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी समितीला फारच कमी वाटली.

मग या प्रकरणात अन्याय झालाच नाही का? झाला, आणि मोठा झाला. पण तो संमतीच्या कागदावर झाला. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. गरीब, बऱ्याचशा आदिवासी घरांतल्या मुली, आईबाप लांब गावी, आणि त्यांच्या वतीने ‘हो’ म्हणणारा तिसराच माणूस. इथे नीतीचा खरा प्रश्न आहे: वॉर्डनला तो अधिकार कोणी दिला? लस निर्धोक निघाली म्हणून ती सही बरोबर ठरते का? या प्रश्नावर ती मुलगी पूर्ण वेळ बोलू शकली असती. खोटा आरोप हाताशी होता म्हणून खरा आरोप तोंडातून निघालाच नाही.

यावर माझी एक सवय आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ती लावतो. दोनशे पानी वही घ्यायची. डाव्या पानावर फक्त घडलेलं: कुठे, कधी, कोणावर, कोणी केलं, किती जणांवर, मागाहून कोणी तपासलं आणि काय निघालं. उजव्या पानावर आपलं मत आणि त्याची कारणं. डावं पान भरेपर्यंत उजव्या पानाला हात लावायचा नाही. मुलं कुरकुरतात. स्पर्धेला चार दिवस उरले असताना ‘सर, फक्त मुद्दे द्या’ म्हणत येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो. मुद्दे उसने मिळतात, पण सभागृहातून कोणी उठून प्रश्न विचारला की उसन्या मुद्द्यामागे काही नसतं. मोबाईलवर प्रश्न टाकून आलेलं उत्तर तसंच्या तसं उतरवणाऱ्यांचंही हेच होतं. सात मृत्यूंचा आकडा त्यांना मिळतो. त्या आकड्यापुढची चौकशी वाचायचा धीर मात्र लागतो.

अमेरिकेतलं पाठ, बेळगावातलं माहीत नाही

टस्कीगीचा प्रयोग प्रत्येक भाषणात येतो. १९३२ ते १९७२ अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर कृष्णवर्णीय माणसांना सिफिलिसवर उपचार न देता नुसतं बघत राहिले, हे सांगायलाच हवं. पण आपल्याच जिल्ह्यात झालेला, जगभर वाचला गेलेला एक अभ्यास इथल्या मुलांना ठाऊक नसतो.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी झाली. बेळगावच्या जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर आणि अमेरिकी संशोधक यांनी मिळून ती केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे माता दगावण्याचं मोठं कारण. तो थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, टोचायला शिकलेलं माणूस लागतं. गोळीला यातलं काही लागत नाही. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनी निम्म्या बायकांना ही गोळी दिली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला कोणती गेली हे बाळंतिणीलाही माहीत नाही, नर्सबाईंनाही नाही. रक्तस्रावाचं प्रमाण प्लासिबो घेतलेल्यांत १२ टक्के आणि खरी गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्के निघालं. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

आता यावर वाद घाला. एक बाजू म्हणेल, शहरातल्या दवाखान्यात रक्तस्राव टाळायचं इंजेक्शन मिळत असताना खेड्यातल्या आठशे बायकांना औषध नसलेली गोळी देणं हा अन्याय आहे. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकी जाहीरनामाही सांगतो की सिद्ध उपचार असेल तर नव्या उपचाराची तुलना त्याच्याशी करा. दुसरी बाजू म्हणेल, त्या बायकांना तेव्हा घरी कोणतंच औषध मिळत नव्हतं. प्रश्न ‘इंजेक्शन की गोळी’ असा नव्हताच, ‘काही नाही की गोळी’ असा होता, आणि तो सोडवल्यामुळे पुढे लाखो बायकांना फायदा झाला. दोन्ही बाजूंना वजन आहे. माझं स्वतःचं मन दुसऱ्या बाजूला झुकतं, पण एका अटीवर: जिथल्या बायकांनी धोका पत्करला तिथल्या नर्सबाईंच्या पिशवीत ती गोळी नंतर आली पाहिजे. ती आली का, कधी आली, हे शोधायला तुम्हाला अमेरिकेला जावं लागत नाही. गावातल्या आशाताईंना, निवृत्त नर्सबाईंना विचारा. हा विषय घेऊन आलेल्या मुलाला मी उभ्या उभ्या दहा गुण जास्त देईन.

कायदा कोणत्या राज्याचा, कोणत्या सालचा?

आपण मराठी पुस्तकं आणि मराठी पेपर वाचतो, त्यामुळे हाताला महाराष्ट्राची माहिती लागते. राहतो कर्नाटकात. अवयवदानावर लिहिताना मुलं पुण्याच्या समितीची कार्यपद्धती उतरवतात. इथे प्रतीक्षायादी आणि वाटप ‘जीवसार्थकते’ ही कर्नाटकाची यंत्रणा बघते. गर्भलिंगनिदानाचंही तसंच. महाराष्ट्राने १९८८ सालीच त्यावर कायदा केला, पण तो महाराष्ट्रापुरता होता, सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, लागू नव्हता. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमलात आला १९९६ साली. सीमेवरच्या माणसासाठी यात केवढा मोठा प्रश्न दडलाय बघा: काही मैलांवर एकच कृती गुन्हाही ठरत होती आणि नव्हतीही.

सालांचा घोळ तर विचारूच नका. ‘व्यावसायिक सरोगसीवर बंदी घालावी का’ या विषयावर २०२३ नंतरही मुलं भाषणं करतात. ती बंदी २०२१ च्या कायद्याने घातलेली आहे. आता वाद असेल तर ती बंदी योग्य आहे का, हा.

दयामरणावर अरुणा शानबाग यांचं नाव येतंच, आणि जवळजवळ दर वेळी चुकीचं येतं. कोणी सांगतं न्यायालयाने त्यांना मरण दिलं, कोणी सांगतं न्यायालयाने दयामरण साफ नाकारलं. हळदीपूरच्या, म्हणजे आपल्याच कर्नाटकातल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ साली हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी केलेली याचिका फेटाळली, कारण त्यांची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचं, त्यांना जगू द्या हे, म्हणणं न्यायालयाने महत्त्वाचं मानलं. मात्र त्याच निकालात जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः उघडली. त्या २०१५ साली न्यूमोनियाने गेल्या. पुढे सन्मानाने मरण्याचा हक्क आणि उपचार थांबवण्याचं आगाऊ इच्छापत्र मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल, २०२३ मधलं त्याचं सुलभीकरण, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने अंमलबजावणीसाठी काढलेलं परिपत्रक. शेवटचा दुवा आपल्याच राज्याचा, आणि भाषणात तोच गायब. औषध टोचून मरण देणं भारतात आजही गुन्हा आहे. उपचार थांबवणं ही वेगळी गोष्ट. हा फरक पहिल्याच मिनिटात सांगितला नाही, तर पुढचं सगळं भाषण हवेत.

माझी सवय साधी आहे: प्रत्येक कायद्यापुढे साल आणि राज्य लिहितो, दुरुस्ती झाली असेल तर तिचंही साल. कायद्याचा मूळ मजकूर उघडून वाचतो. अवघड वाटतो, पण चार वेळा वाचला की कळतो.

जनुकसंपादन म्हणजे सगळं एकच, असं धरणं

२०१८ मध्ये चीनमधले शास्त्रज्ञ ‘हे जियानकुई’ यांनी भ्रूणांची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं आणि त्यांना तुरुंगवास झाला. तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो आणि त्या पिढ्यांना कोणी विचारलेलं नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा उपचार त्याच, क्रिस्पर नावाच्या जनुकं बदलण्याच्या तंत्राचा आहे, पण तो त्या रुग्णाच्या रक्तपेशींपुरता. तिथला प्रश्न पैशाचा आहे, अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर. या दोघांना एकाच वाक्यात ‘निसर्गाशी खेळ’ म्हणणाऱ्याने दोन्ही प्रश्न सोडून दिलेले असतात.

थोडक्यात सांगण्यासारख्या

‘शाप की वरदान’ हे शीर्षक घेऊच नका. क्लोनिंगने जन्मलेली डॉली मेंढी १९९६ ची आहे, तिच्यावरच थांबू नका. ‘अनैसर्गिक म्हणून चूक’ म्हणणाऱ्याने आधी चष्मा आणि इन्शुलिनचं काय ते सांगावं. हिटलरचं नाव शेवटचा पर्याय म्हणूनही नको. विरुद्ध बाजू तीन मिनिटं प्रामाणिकपणे मांडता येत नसेल, तर आपली बाजू तयार नाही असं समजा.

नाव छापणं

दवाखान्याबद्दलच्या एका प्रकल्पात मला रुग्णाच्या केसपेपरचा फोटो चिकटवलेला दिसला. नाव, गाव, आजार, सगळं वाचता येत होतं. विषय होता ‘रुग्णाचे हक्क’. त्या मुलाला ती वही मी तिथल्या तिथे परत दिली आणि पान फाडून आणायला सांगितलं. कोणाशीही बोलायला जाताना आधी कशासाठी विचारतोय ते सांगा, ‘नको’ म्हटलं तर उठा, नाव वहीतही लिहू नका. छोट्या गावात ‘अमक्या गल्लीतली टेलरबाई’ एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो.

आणि याच संदर्भात एक विषय, जो अजून कोणी घेतलेला मी पाहिला नाही. घरी मराठी बोलणारी, कन्नड वाचता न येणारी बाई शस्त्रक्रियेच्या किंवा चाचणीच्या संमतिपत्रावर सही करते. कागद कन्नड किंवा इंग्रजीत. समजावून कोण सांगतं? नातेवाईक, नर्स, की कोणीच नाही? सीमेपलीकडच्या दवाखान्यात कन्नड बोलणाऱ्या बाईचंही हेच होतं का? औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार हवा. साध्या शस्त्रक्रियेच्या वेळी प्रत्यक्षात काय होतं ते विचारत जा, डाव्या पानावर लिहीत जा. हिवाळ्यातल्या स्पर्धांसाठी हा विषय घ्यायचा असेल, तर सुरुवात गणपतीच्या सुट्टीतच करा.