सायक्लामेन आणलंय? मग या चुका टाळा

ऑक्टोबर आला की इथे जर्मनीत सुपरमार्केटच्या दारातच सायक्लामेन या फुलझाडाच्या कुंड्या मांडतात, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ओळखीच्या मराठी घरांमधून मला फोटो यायला लागतात, "अगं याने मान टाकली, काय करू?" फोटो उघडायच्या आधीच सांगते, कुंडी हीटरच्या वरच्या खिडकीत आहे आणि मातीचा चिखल झालाय.

आधी हीटरचं बोलू. इथले लोक याला आल्पेनफाइलखेन म्हणतात, म्हणजे आल्प्समधलं व्हायोलेट, पण कुंडीत मिळतं ते सायक्लामेन पर्सिकम, ते मूळचं तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, म्हणून हे झाड थंडीत फुलतं आणि उन्हाळ्यात झोपतं. एवढं एक डोक्यात ठेवलं तर निम्मे फोटो बंद होतील. याला 12 ते 18 डिग्री आवडतं, आणि आपण ठेवतो 23 डिग्रीच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी, कारण तिथे "छान दिसतं". मग आठवड्यात पानं पिवळी. माझं जिन्यातल्या खिडकीत असतं, उजेड भरपूर आणि हीटर नाही, पाहुणे आले की तेवढ्यापुरतं आत आणते. आता थंडी आवडते म्हणून बर्फात बाल्कनीत ठेवू नका, तेही केलंय एकाने.

दुसरी चूक पाण्याची, आणि ही माझ्याच घरात झालीय. आई साताऱ्याहून आली होती, मला ऑफिसच्या कामाने 8 दिवस बाहेर जावं लागलं, जाताना सांगून गेले की या पांढऱ्या सायक्लामेनला हात लावू नकोस. आईने आयुष्यभर तुळशीला रोज तांब्याभर पाणी घातलेलं, तिला ते बघवेना, तिने आंघोळ झाली की याच्याही डोक्यावर तांब्या ओतायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी झाड मलूल झालं, तिला वाटलं तहानलंय, मग संध्याकाळीही एक तांब्या. मी आले, पानं बाजूला केली तर मधोमध राखाडी बुरशी, देठ नुसते हातात येत होते आणि कंद सडक्या बटाट्यासारखा पिचकला. दोन वर्षं सांभाळलेलं झाड! "मी तर रोज घातलं गं पाणी," आई म्हणाली. काय बोलणार.

गंमत अशी की तहानलेलं आणि बुडालेलं सायक्लामेन सारखंच दिसतं, दोन्ही मान टाकतात. म्हणून मी आधी कुंडी उचलून बघते. हलकी लागली तर ताटलीत पाणी घालून त्यात 20-30 मिनिटं ठेवायची, उरलेलं पाणी ओतून टाकायचं, संध्याकाळपर्यंत उभं राहतं. जड लागली तर पाणी बंद आणि कंद दाबून बघा, घट्ट असेल तर आशा आहे, मऊ असेल तर सोडून द्या. वरून मधोमध पाणी कधीच नाही. पाण्याऐवजी मातीवर बर्फाचे खडे ठेवायची एक आयडिया सगळीकडे फिरते, पण कुंडी उचलून बघायला 2 सेकंद लागतात, त्याचाही कंटाळा असेल तर प्लास्टिकची फुलं आणा.

कुंडी बदलताना कंद पूर्ण गाडू नका, वरचा थोडा भाग मातीच्या बाहेर हवा. सुकलेली फुलं कात्रीने कापू नका, उरलेला देठ सडतो, बुडाशी धरून पीळ देऊन ओढा. मान टाकलेल्या झाडाला खत घालू नका. घरात मांजर असेल तर उंचावर ठेवा, कंद विषारी असतो.

आणि एप्रिल-मेमध्ये पानं पिवळी पडायला लागली की लोक सरळ कचऱ्यात टाकतात, याचा मला खरंच राग येतो. अहो ते झोपायला चाललंय! पाणी हळूहळू कमी करा, पानं गळली की कुंडी सावलीत थंड कोपऱ्यात ठेवून द्या आणि विसरा, मधूनच कधीतरी घोटभर पाणी, कंद सुरकुतू नये इतपत. ऑगस्टच्या शेवटाला कंदावर बारीक कोंब दिसतात, तेव्हा नवी माती द्यायची आणि पाणी सुरू. मधल्या काळात जूनमध्येच "अजून काहीच का नाही" म्हणून उकरून बघणारे असतात, त्यांना माझ्याकडे औषध नाही.

पुण्याहून बहीण विचारत होती, तिकडे नर्सरीत थंडीत मिळतं, घेऊ का. घे, डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या कोवळ्या उन्हाच्या बाल्कनीत मस्त फुलेल. पण मार्चच्या उकाड्यात पानं पिवळी पडली की मला फोटो पाठवू नकोस.