डेटाबेसच्या व्हीएमसाठी ह्यूज पेजेस: होस्ट आणि गेस्ट, दोन्हीकडची मांडणी

व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) आत पोस्टग्रेस या डेटाबेसला ह्यूज पेजेस (नेहमीच्या ४ केबीऐवजी २ एमबी किंवा १ जीबीची मेमरीची पानं) दिली, मेमइन्फोमध्ये (लिनक्सच्या मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमध्ये) आकडा दिसला, की काम झालं असं धरून बरेच जण तिथेच थांबतात. ते अर्धंच झालेलं असतं. व्हीएममध्ये मेमरीचा पत्ता दोनदा शोधावा लागतो: आधी गेस्टच्या (व्हीएमच्या आतल्या सिस्टमच्या) पेज टेबलमधून, मग होस्टच्या (ती चालवणाऱ्या खऱ्या मशीनच्या). प्रोसेसरच्या टीएलबीत (अलीकडे शोधलेले पत्ते साठवणाऱ्या छोट्या कॅशमध्ये) शेवटी जी नोंद बसते, ती या दोन्हींतल्या लहान पेजाच्या मापाची असते. गेस्टमध्ये २ एमबीचं पेज आहे पण खाली होस्टने ४ केबीचे तुकडे दिलेत, तर टीएलबीच्या वाट्याला ४ केबीच येतात. उलट केलं तरी तेच.

टीएलबीत पत्ता सापडला नाही तर काय होतं ते बघा. चार पातळ्यांच्या टेबलात दोन्हीकडे ४ केबी पेजेस असतील, तर एका पत्त्यासाठी मेमरी जास्तीत जास्त २४ वेळा वाचावी लागते. दोन्हीकडे २ एमबी केली तर १५ वेळा. होस्टवर १ जीबी आणि गेस्टमध्ये २ एमबी ठेवली तर ११. शिवाय मुळात चुकण्याचं प्रमाणही घटतं. इंटेलच्या स्कायलेक पिढीत दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी आहेत. ४ केबीच्या हिशोबाने त्यात ६ एमबी मेमरी मावते, २ एमबीच्या हिशोबाने ३ जीबी.

गेस्टच्या आत आणखी एक फायदा असतो, आणि जास्त कनेक्शन असलेल्या डेटाबेसला तोच आधी जाणवतो. पोस्टग्रेस किंवा ओरॅकलमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस असते आणि प्रत्येक प्रोसेसचं वेगळं पेज टेबल. १६ जीबी शेअर्ड बफर्स (सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती डेटाची कॅश) म्हणजे ४ केबीची ४१,९४,३०४ पेजेस, प्रत्येकाची ८ बाइटची नोंद, म्हणजे एका प्रोसेसमागे ३२ एमबी. ३०० कनेक्शननी सगळा बफर चाळला की नुसत्या टेबलांत सव्वानऊ जीबीहून जास्त मेमरी गेली. २ एमबीच्या पेजेसने हाच खर्च प्रोसेसमागे ६४ केबी, सगळ्यांचा मिळून १९ एमबीच्या आसपास. मेमइन्फोमधली पेजटेबल्स ही ओळ बघा. तिथे जीबीत आकडा असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

हिशोब आधी

उदाहरण म्हणून हा होस्ट घेऊ: लिनक्स, व्हीएम चालवायला केव्हीएम आणि त्या सांभाळायला लिबव्हर्ट, दोन नुमा नोड (काही कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट), प्रत्येकी १२८ जीबी. त्यावर ६४ जीबीची एक व्हीएम, आत पोस्टग्रेस, शेअर्ड बफर्स १६ जीबी. व्हीएम नोड ० वर बांधायची.

होस्टवर १ जीबी की २ एमबी? महिनोन्महिने एकाच होस्टवर बसणारी मोठी डेटाबेस व्हीएम असेल तर १ जीबी. व्हीएम वारंवार एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवत असाल तर २ एमबी. लाइव्ह मायग्रेशनमध्ये पोस्टकॉपी वापरलं (व्हीएम आधी हलवायची, मेमरी मागाहून लागेल तशी आणायची) आणि पेज १ जीबीचं असलं, तर गेस्टने एका बाइटला हात लावला तरी अख्खं १ जीबी पलीकडून येईपर्यंत तो व्हीसीपीयू (व्हीएमचा आभासी प्रोसेसर) अडकून राहतो. १० गिगाबिटच्या लिंकवर हे जवळपास एक सेकंद होतं, आणि डेटाबेसला एक सेकंद फार मोठा. शिवाय जिथे हलवायचं त्या होस्टवरही तितकीच पेजेस मोकळी हवीत, हे मायग्रेशनच्या रात्री आठवून उपयोग नाही.

प्रोसेसरला दोन्ही माप जमतात का ते सीपीयूइन्फोमधल्या फ्लॅग्जमध्ये दिसतं. २ एमबीसाठी पीएसई, १ जीबीसाठी पीडीपीई१जीबी.

होस्ट

१ जीबीची पेजेस बूटच्या वेळीच राखून ठेवावीत. मशीन काही दिवस चाललं की सलग १ जीबी मोकळी जागा सापडणं कठीण. ग्रब या बूटलोडरच्या कर्नेल ओळीत हे तीन शब्द याच क्रमाने घाला:

डिफॉल्ट_ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजएसझेड=१जी ह्यूजपेजेस=०:६४

क्रम महत्त्वाचा आहे. ह्यूजपेजेसचा आकडा त्याच्या आधी लिहिलेल्या मापाला लागू होतो. ०:६४ म्हणजे नोड ० वर ६४. ही नोडनिहाय लिहिण्याची सोय अलीकडच्या कर्नेलमध्ये आहे. जुन्यावर नुसता ६४ लिहिला तर ३२ इकडे, ३२ तिकडे अशी वाटणी होते आणि नोड ० वर बांधलेली व्हीएम उपाशी राहते. तिथे बूटला १२८ मागा आणि नंतर नोड १ ची सोडून द्या:

इको ० > /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/नोड/नोड१/ह्यूजपेजेस/ह्यूजपेजेस-१०४८५७६केबी/एनआर_ह्यूजपेजेस

आता एक सापळा. डिफॉल्ट माप १ जीबी केलं की व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस या सिस्कटलचा (कर्नेलच्या सेटिंगचा) अर्थ बदलतो. आधी कोणीतरी /ईटीसी/सिस्कटल.डी मध्ये २ एमबी गृहीत धरून २०४८ लिहून ठेवलेलं असेल, तर आता त्याचा अर्थ २,०४८ जीबी. कर्नेल इमानदारीने जेवढी मिळतील तेवढी पेजेस गिळतो, होस्टवर बाकी कशालाच मेमरी उरत नाही आणि बूट होता होताच ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नेलचा भाग) फिरायला लागतो. तिथला आकडा लहान असेल तर उलटा त्रास: सिस्कटल बूटनंतर चालतं, त्यामुळे ग्रबमध्ये मागितलेली पेजेस ते परत करून टाकतं. म्हणून ग्रबला हात लावण्याआधी सिस्कटलच्या सगळ्या फाइलींत ह्यूज हा शब्द ग्रेप करा.

२ एमबीची पेजेस चालू मशीनवरही मागता येतात, नोड ० च्या ह्यूजपेजेस-२०४८केबी फोल्डरमधल्या एनआर_ह्यूजपेजेस मध्ये ३२७६८ लिहून. पण मेमरीचे तुकडे झालेले असतील तर कमी मिळतात आणि इको कमांड चूक दाखवत नाही. लिहिलेला आकडा परत कॅटने वाचा. ३२,७६८ मागून २९ हजार मिळाले असतील तर आधी सिंक, मग ड्रॉप_कॅशेस मध्ये ३, मग कॉम्पॅक्ट_मेमरी मध्ये १ लिहा आणि पुन्हा मागा. तरीही नाही जमलं तर रीबूट. त्यावर आणखी वेळ घालवू नका.

व्हीएमची मेमरी पेजच्या मापाच्या पटीत हवी: १ जीबी पेजेसवर ६४ जीबी चालेल, साडेत्रेसष्ट नाही. आणि होस्टची सगळी मेमरी ह्यूज पेजेसमध्ये घालू नका. क्यूईएमयूची (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसची) स्वतःची मेमरी, डिस्कचे बफर, नेटवर्क आणि होस्टची पेज कॅश हे सगळं साध्या पेजेसमधूनच जातं.

लिबव्हर्टमध्ये व्हीएमची व्याख्या

व्हर्श या लिबव्हर्टच्या कमांडने व्याख्या एडिट करून चार गोष्टी घाला. मेमरीबॅकिंग टॅगमध्ये ह्यूजपेजेस, त्याच्या आत पेज, साइज १, युनिट जी. त्याच टॅगमध्ये नोशेअरपेजेस, म्हणजे होस्ट सारखी पेजेस एकत्र करणार नाही. नुमाट्यून टॅगमध्ये मेमरी मोड स्ट्रिक्ट, नोडसेट ०. सीपीयूट्यूनमध्ये प्रत्येक व्हीसीपीयू नोड ० च्या कोअरवर पिन. मेमरी एका नोडवर आणि व्हीसीपीयू दुसऱ्या नोडवर पळत असतील तर ह्यूज पेजेसनी कमावलेलं बरंचसं तिथेच गळतं.

बलूनिंगचं (चालू व्हीएमकडून होस्टने मेमरी परत घेण्याचं) काय? अशा व्हीएममध्ये ते नकोच. होस्टवर राखून ठेवलेली मेमरी त्याने सहजी सुटत नाही, आणि गेस्टमध्ये राखलेल्या ह्यूज पेजेसना बलून हात लावू शकत नाही. तरीही कोणी आपोआप बलून फुगवत असेल, तर गेस्टमध्ये कनेक्शनच्या वाट्याची उरलीसुरली साधी मेमरी तेवढी जाते. मेमबलून डिव्हाइसचं मॉडेल नन करा. कमाल मेमरी आणि चालू मेमरी एकच आकडा ठेवा.

१ जीबी हे डिफॉल्ट माप नसेल तर ह्यूजटीएलबीएफएस (ह्यूज पेजेसची फाइलसिस्टम) वेगळं माउंट करावं लागतं, पेजसाइज=१जी हा पर्याय देऊन, आणि नंतर लिबव्हर्टची सेवा रीस्टार्ट. नाहीतर लिबव्हर्टला ते माउंट दिसत नाही.

व्हीएम सुरू करा. नोड ० ची फ्री_ह्यूजपेजेस ६४ वरून ० झाली पाहिजे. खात्रीसाठी क्यूईएमयूच्या प्रोसेसची एसमॅप्स फाइल उघडा. गेस्टच्या रॅमच्या भागात कर्नेलपेजसाइज १०४८५७६ केबी दिसलं पाहिजे. ४ केबी दिसलं तर मेमरीबॅकिंग लागूच झालेलं नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: व्हीएम आतून रीबूट केली, व्हर्शने बंद करून पुन्हा सुरू केली नाही. आतल्या रीबूटने व्याख्येतला बदल लागू होत नाही.

गेस्ट

इथे २ एमबी पुरे. किती हवीत ते अंदाजाने ठरवू नका, पोस्टग्रेसलाच विचारा. आवृत्ती १५ पासून सोय आहे. सर्व्हर बंद असताना:

पोस्टग्रेस -डी डेटाफोल्डर -सी शेअर्ड_मेमरी_साइज_इन_ह्यूज_पेजेस

शेअर्ड बफर्स १६ जीबी असतील तर नुसते बफरच ८,१९२ पेजेस होतात. त्यावर लॉक टेबल, वॉल (बदलांच्या लॉगचा) बफर, कनेक्शनची नोंद वगैरे धरून खरा आकडा जास्त येतो. मॅक्स_कनेक्शन्स वाढवलं की तोही वाढतो. ८,१९२ वर थांबणारे इथेच फसतात. आलेल्या आकड्यात थोडी भर घालून तो व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस मध्ये लिहा, सिस्कटल.डी मध्ये कायम करा. मोठी उशी नको, कारण राखीव पेजेस पेज कॅशला, वर्क_मेमला (सॉर्टसारख्या कामाच्या मेमरीला) किंवा व्हॅक्यूमला (जुन्या ओळींच्या साफसफाईला) वापरता येत नाहीत. त्या सगळ्यांना साधीच मेमरी लागते. ६४ पैकी ५० जीबी ह्यूज पेजेसमध्ये कोंबली की मेमरी मोकळी दिसत असूनही सॉर्ट करणारी क्वेरी ओओएमने मरते, आणि कारण शोधताना डोकं फिरतं.

मग पोस्टग्रेसच्या कॉन्फिगमध्ये ह्यूज_पेजेस = ऑन. डिफॉल्ट ट्राय आहे, आणि ट्राय घातक आहे: पेजेस कमी पडली तर पोस्टग्रेस सगळा बफर मुकाट्याने ४ केबीत घेतो. राखलेली १६ जीबी तशीच पडून राहते, बफर बाकीच्या मेमरीतून आणखी १६ जीबी घेतो. ऑन असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही, मॅप अ‍ॅनॉनिमस शेअर्ड मेमरीची चूक लॉगमध्ये देतो. न उठलेला सर्व्हर लगेच कळतो, हळू चालणारा महिनाभर कळत नाही. आवृत्ती १७ मध्ये ह्यूज_पेजेस_स्टेटस विचारलं की खरी स्थिती कळते.

सुरू झाल्या झाल्या मेमइन्फो बघून घाबरू नका. ह्यूजपेजेस_फ्री अजून मोठाच दिसेल, कारण पेजेस राखीव झालीत, त्यांना हात लागलेला नाही. तो आकडा ह्यूजपेजेस_आरएसव्हीडी मध्ये असतो. खरोखर मोकळी पेजेस म्हणजे फ्री उणे आरएसव्हीडी.

दुसरे डेटाबेस थोडक्यात. मायएसक्यूएलमध्ये लार्ज-पेजेस चालू करा, त्याच्या ग्रुपचा आयडी व्हीएम.ह्यूजटीएलबी_एसएचएम_ग्रुप मध्ये द्या, सिस्टमडी युनिटमध्ये लिमिटमेमलॉक इन्फिनिटी करा. पेजेस मिळाली नाहीत तर हाही साध्या मेमरीवर उतरतो, लॉगमध्ये फक्त वॉर्निंग येते. ओरॅकलमध्ये मेमरी_टार्गेट आणि ह्यूज पेजेस एकत्र नांदत नाहीत. एसजीए_टार्गेट वापरा आणि यूज_लार्ज_पेजेस ओन्ली ठेवा.

ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस ही वेगळी गोष्ट आहे: त्यात काही राखून न ठेवता कर्नेल स्वतःच मोठी पेजेस देतो. गेस्टमध्ये ती मॅडव्हाइज किंवा नेव्हर वर ठेवा. ऑलवेज असेल तर कर्नेल मधूनच मेमरी सरकवून मोठी पेजेस जुळवत बसतो आणि क्वेरीला लागणारा वेळ अधूनमधून अचानक उसळतो. रेडिसला तर फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) एका बाइटच्या बदलासाठी २ एमबी कॉपी करायला लागते. मोंगोडीबी मात्र आवृत्ती ८.० पासून ही सोय चालू ठेवायला सांगतो, आधी बंद करायला सांगायचा. जुना सल्ला डोळे मिटून लावू नका.

बिघडतं कुठे

व्हीएम सुरू होताना बॅकिंग स्टोअर मॅप करता येत नाही, मेमरी नाही, अशी चूक आली तर नोडनिहाय मोकळी पेजेस मोजा. बहुधा एकूण पुरेशी असतात, हव्या त्या नोडवर नसतात.

त्याहून ओंगळ प्रकार सिगबसचा. ह्यूज पेजेसची राखण कर्नेल सगळ्या नोडचा एकत्र हिशोब धरून करतो. स्ट्रिक्ट बंधन मात्र प्रत्यक्ष पेजला हात लागतो तेव्हा तपासलं जातं. त्यामुळे मॅप यशस्वी होतो, पुढे नोड ० वरची पेजेस संपली की प्रोसेस बस एररने मरते. लिबव्हर्ट ह्यूज पेजेसवरची मेमरी सुरुवातीलाच भरून घेतो, म्हणून तिथे हे सुरू होतानाच उघड होतं. क्यूईएमयू हाताने चालवत असाल तर प्रीअलोक ऑन (सगळी मेमरी आधीच भरून घे) द्यायला विसरू नका. १ जीबीची ६४ पेजेस शून्याने भरायला वेळ लागतो, तेव्हा व्हीएम उठायला उशीर झाला म्हणून कोणी ती मध्येच मारू नये.

शेअर्ड बफर्स वाढवायचे असतील तर क्रम असा ठेवा: नवा आकडा विचारा, गेस्टमध्ये पेजेस वाढवा, मिळाली का ते वाचा, मगच पोस्टग्रेस रीस्टार्ट. जुन्या गेस्टमध्ये चालू असताना पेजेस कमी मिळतात, तेव्हा सिस्कटलमध्ये आकडा लिहून व्हीएमचा रीबूट आणि डेटाबेसचा रीस्टार्ट एकाच मेंटेनन्समध्ये उरका.