सुट्टीत मुलांना वाचनालयात घालायचंय? मग परीक्षा संपायची वाट बघू नका

आपल्याकडे महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणारी शासनमान्य वाचनालयं गावोगावी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो, पण सुट्टीतल्या गोष्टींच्या, चित्रांच्या शिबिराची नोटीस बहुतेक वेळा फक्त दारातल्या फळ्यावरच लागते, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीलाच जाऊन ग्रंथपालांना विचारून या. २३ एप्रिल म्हणजे जागतिक पुस्तक दिन, तेव्हाही काहीतरी असू शकतं.
जाताना आधारची झेरॉक्स, फोटो आणि अनामतीचे पैसे घेऊनच जा म्हणजे परत हेलपाटा नको. दुपारी बरीच वाचनालयं बंद असतात, वेळ आधी बघा.
आणि प्लीज, पुस्तक मुलालाच निवडू द्या, अगदी तेच कॉमिक परत आणलं तरी चालेल, काउंटरवर तारखेचा शिक्का पण त्यालाच मारून घेऊ दे, भारी वाटतं पोरांना!