कापसाचा खप वाढवायला परदेशातल्या संघटनांसोबत काम कसं करायचं

शेतकऱ्यांची, जिनिंगवाल्यांची नाहीतर सूतगिरण्यांची संघटना चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कापसाच्या प्रचारासाठी दुसऱ्या देशातल्या संघटनेसोबत काहीतरी करू असं मीटिंगमध्ये ठरतं, ठराव होतो, फोटो होतो, आणि वर्षभराने बघावं तर त्या फोटोशिवाय हातात काही नसतं. असं का होतं आणि ते कसं टाळायचं ते सांगतो.

पहिली अडचण आपल्याच डोक्यात असते. समोरचा देश कापूस विकतो म्हणजे तो आपला स्पर्धक, असं आपण धरून चालतो. रुईच्या एखाद्या सौद्यापुरतं ते खरंही आहे. पण गिरणीवाल्यासमोर दोन देश भावासाठी भांडत बसतात तेव्हा गिरणीवाला शांतपणे ब्लेंडमधला पॉलिस्टर वाढवून टाकतो, म्हणजे दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. जगात पॉलिस्टरचा वापर कापसाच्या पुढे गेला तो साधारण २००२ च्या आसपास, आणि आज एकूण धाग्यांमध्ये कापसाचा वाटा जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा राहिलाय. कापूस पिकतो तो बरीच वर्षं अडीच कोटी टनांच्या आगेमागेच, कपडे मात्र कितीतरी वाढले आणि ती सगळी वाढ सिंथेटिकने खाल्ली. म्हणून आपल्या देशाचा कापूस विकणं हे एक काम आणि कापूस विकणं हे दुसरं काम, आणि परदेशी संघटनेसोबत फक्त दुसरंच करायचं. हे दोन एकात घुसले की गाडं अडलंच म्हणून समजा.

कोणाला मेल टाकायच्या आधी घरचा हिशोब करा. आपल्याकडे कापूस नक्की कुठे हरतोय, टॉवेलमध्ये, युनिफॉर्ममध्ये, की खेळाच्या कपड्यांत? 'कापसाचा खप कमी झालाय' एवढंच घेऊन गेलात तर समोरचा मान डोलावेल आणि चहा पाजेल. अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथे दुकानात विकल्या जाणाऱ्या कपड्यालत्त्यात कापसाचा वाटा १९६० मध्ये ७८ टक्के होता, तो १९७५ पर्यंत ३४ टक्क्यांवर आला. हे घसरताना दिसत होतं म्हणूनच तिथल्या शेतकऱ्यांच्या पैशातून १९७० मध्ये कॉटन इन्कॉर्पोरेटेड उभी राहिली, १९७३ मध्ये बोंडाचं चित्र असलेला तो शिक्का आला, आणि पुढे बराच वाटा परत मिळवला. पण लोकांना शिक्का तेवढा दिसतो, मागचं काम दिसत नाही. इस्त्री कमी लागणारं फिनिश, आटणार नाही असं निटिंग, असलं तंत्र गिरण्यांना नेऊन दिलं नसतं तर नुसत्या शिक्क्याने काय होणार होतं. गिऱ्हाईक कापूस मागतं हे खरं, पण कपड्यात काय घालायचं हे ठरवतात ब्रँडचा खरेदीवाला आणि गिरणीवाला, म्हणजे तुमची अर्धी मेहनत त्या दोघांवर जायला हवी.

आता गाठायचं कोणाला. इथे नावांचा गोंधळ होतो, सगळ्यांच्या नावात कॉटन असतंच. वॉशिंग्टनची इंटरनॅशनल कॉटन अॅडव्हायझरी कमिटी, म्हणजे आयसीएसी, १९३९ ची, पण ती सरकारांची संस्था आहे, तिच्याकडून आकडेवारी आणि ओळखी मिळतात. प्रचारासाठी तिच्याच छत्राखाली २००० च्या सुमारास इंटरनॅशनल फोरम फॉर कॉटन प्रमोशन सुरू झाला, आणि त्याची कल्पनाच अशी की फोरमने स्वतः जगभर जाहिरात करायची नाही, एका देशात जमलेलं दुसऱ्या देशाला दाखवायचं आणि प्रत्येकाने आपल्या घरी आपल्या पैशाने करायचं. लिव्हरपूलची कॉटन असोसिएशन १८४१ ची आणि जर्मनीतल्या ब्रेमेनचं कॉटन एक्स्चेंज १८७२ चं, दोन्ही मोठी नावं, पण त्यांची मूळ कामं म्हणजे व्यापाराचे नियम, लवाद आणि क्वालिटी, तिथे पोस्टरची डिझाईन घेऊन जाऊ नका. आणि ब्राझीलची अब्रापा ही उत्पादकांची संघटना आहे, तिने २०१६ मध्ये 'सो दि अल्गोदाँव' म्हणजे 'मी कापसाचा आहे' अशी घरच्याच बाजारासाठी मोहीम काढली, ब्रँड आणि फॅशनचे विद्यार्थी सगळ्यांना सोबत घेऊन. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ती बघावी असं माझं मत आहे, कारण अमेरिकेएवढं बजेट कोणाकडेच नसतं.

पैशाचं आधीच बोलून घ्या. 'सगळ्या देशांनी मिळून एक फंड करू आणि त्यातून जागतिक जाहिरात करू' ही आयडिया प्रत्येक परिषदेत कोणीतरी मांडतंच, आणि मांडणाऱ्याला वाटतं आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. हे करून झालंय. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर कॉटन नावाची संस्था १९६६ मध्ये नेमक्या याच कामासाठी निघाली, कापूस पिकवणाऱ्या देशांच्या वर्गणीवर. काम वाईट नव्हतं, मँचेस्टरला तिची टेक्निकल शाखा होती आणि निटेड कापड किती आटेल ते आधीच सांगणारी पद्धत तिथे तयार झाली. तरीही १९९४ मध्ये संस्था बंद झाली. असला कॉमन फंड मुळातच नाजूक असतो, एका मोठ्या सभासदाने हात आखडता घेतला की बाकीचे विचारतात आम्हीच का द्यायचं. त्यामुळे सरळ ठरवून टाका की पैसा आपापला, माल सामाईक. इथे माल म्हणजे सर्व्हे, फोटो, व्हिडिओ, शाळेचे धडे, टेक्निकल नोट्स. चुकूनही कॉमन बँक अकाउंट काढू नका.

कागद दोन पानांचाच करा. काय करायचं ते एका पानात मावतं, दुसरं पान काय करायचं नाही त्याला ठेवा आणि मला विचाराल तर तेच महत्त्वाचं. भाव, साठा, किती पेरणार, कोणाला विकणार हे मीटिंगमध्ये निघणार नाही असं स्पष्ट लिहा, कारण बऱ्याच देशांत स्पर्धकांनी एकत्र बसून असलं बोलणं हा गुन्हा होतो आणि चहाच्या वेळचं बोलणंसुद्धा त्यात येतं. दुसऱ्याच्या कापसाला नावं ठेवायची नाहीत, 'आमचा स्वच्छ' म्हटलं की 'त्यांचा घाण' हे न बोलता बोललं जातं. तिसरं म्हणजे समोरच्याचा पैसा कुठून येतो ते विचारून घ्या. अमेरिकेत शेतकऱ्याकडून गाठीमागे एक डॉलर आणि वर किमतीचा थोडा हिस्सा असा चेकऑफ कापला जातो, आयात करणारेही भरतात, आणि तो पैसा सरकारी धोरणावर दबाव आणायला कायद्यानेच वापरता येत नाही. म्हणजे तुम्ही प्रचाराच्या कामात सरकारला द्यायचं निवेदन घुसवलंत तर तो पार्टनर सही करणार नाही, आणि तुम्हाला वाटेल हा मागे फिरला. निवेदनाचं काम वेगळ्या कागदावर, वेगळ्या लोकांसोबत करा.

आकडे जुळवणं हे कंटाळवाणं काम आहे, पण सोडू नका. गाठ म्हटलं की अमेरिकेची ४८० पौंडांची म्हणजे साधारण २१८ किलोची, ऑस्ट्रेलियाची २२७ ची, भारताची १७० ची. दहा लाख गाठी म्हणजे एकाच्या डोक्यात १.७ लाख टन आणि दुसऱ्याच्या डोक्यात २.२७ लाख टन. वर्षाचंही तेच, आयसीएसी आणि अमेरिकेचं कापूसवर्ष ऑगस्ट ते जुलै, भारताचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. मी एकदा अर्धा तासाचा व्हिडिओ कॉल असा घालवलाय की दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि दोघांनाही वाटत होतं समोरचा खोटं बोलतोय. तेव्हापासून पहिल्याच मेलमध्ये लिहितो, सगळं टनात आणि ऑगस्ट ते जुलै, विषय संपला.

सामान शेअर करताना तयार पीडीएफ पाठवली की ती तशीच पडून राहते. एडिट करता येईल अशी फाईल द्या, अक्षरं वेगळ्या लेयरवर ठेवा म्हणजे त्यांना त्यांच्या भाषेत घालता येतील. आणि फोटोचे हक्क! फोटोग्राफरसोबतचा करार किती वर्षांचा, कोणत्या देशापुरता, फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी आहे का, हे फाईलसोबत एका छोट्या नोटमध्ये लिहून द्या, नाहीतर समोरच्याने चांगल्या मनाने वापरलेल्या फोटोची नोटीस तुमच्याकडे येईल. मागतानाही ताकाला जाऊन भांडं लपवू नका, 'तुमचा तो शाळेचा व्हिडिओ हवाय, आमचं नाव खाली टाकू का' असं सरळ विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. भाषांतर मात्र शब्दाला शब्द नको. एका देशात कापूस म्हणजे गारवा, दुसरीकडे तोच बाळाच्या कातडीला मऊ म्हणून चालतो, तर तिसरीकडे कापसाचे कपडे म्हणजे चुरगळणारे कपडे एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. मुद्दा एक ठेवा, वाक्य ज्याचं त्याला करू द्या.

दाव्यांबाबत जास्त वेळ द्या, कारण एका देशातली चुकीची ओळ सगळ्यांच्या अंगावर येते. कापसाविरुद्ध फिरणारा जुना आकडा म्हणजे किलोला २० हजार लिटर पाणी, त्यावर २०२१ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स फाउंडेशन या डेनिम उद्योगातल्या संस्थेने एक सविस्तर रिपोर्टच काढला की असले आकडे एकाने दुसऱ्याचं उचलून कसे पसरत गेले. पण त्याला उत्तर म्हणून आपणही सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही. ब्राझीलचा नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस पावसावर येतो, पश्चिम आफ्रिकेतला जवळजवळ सगळा, आणि इजिप्तचा पूर्ण सिंचनावर, मग जगाची एकच सरासरी सांगून कोणाचं काय खरं कळणार? ज्याने त्याने आपल्या भागाचा आकडा द्यावा, कोणत्या वर्षाचा आणि कोणी मोजला ते सोबत लिहावं. 'कापूस मातीत कुजतो' हेही साध्या कापसाबाबत ठीक, पण रंग, कोटिंग आणि पॉलिस्टरचा शिवणदोरा आला की वेग बदलतो, तेवढं लिहिलं तर कोणी पकडणार नाही. कोणाचाही दावा बाहेर जाण्याआधी दुसऱ्या देशातल्या एका माणसाने वाचायचा असा नियम करा, आपल्या माणसाला आपली चूक दिसत नाही.

लोगोचा प्रश्न येणारच. कॉटन यूएसए, अमेरिकेच्याच लांब धाग्याच्या कापसाचा सुपिमा, इजिप्तचा लोगो, भारताचं कस्तुरी, प्रत्येकाला आपला शिक्का वर हवा असतो. चालणारी तडजोड अशी की वरती फक्त कापूस, आणि देशाचा शिक्का खाली छोटा, तोही ज्या त्या देशातल्या छापील कॉपीवरच. आधीच एकत्र आलेल्यांचं बघायचं असेल तर २०१३ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या संघटनांनी मिळून कॉटन लीड्स काढलं, दोघेही निर्यातदार, दोघांचे ग्राहक बऱ्यापैकी तेच, तरी जबाबदार शेतीचा मुद्दा एकत्र मांडला. आणि किती कापूस असला तर लोगो लावायचा, शंभर टक्के की अर्ध्याहून जास्त, हे लोगो बनवण्याआधी ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर छापून झालेले टॅग तुमची वाट बघत असतील.

सुरुवातीला एकच काम घ्या आणि तारीख ७ ऑक्टोबर धरा. जागतिक कापूस दिवसाचा पुढाकार बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांचा, तो पहिल्यांदा २०१९ मध्ये जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत झाला आणि २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो मान्य केला. म्हणजे कारण आयतं आहे आणि कोण्या एका देशाच्या मालकीचं नाही. पण हंगाम बघा, त्या वेळी उत्तर गोलार्धात वेचणी चालू असते, शेतकरी आणि जिनर दोघांना मान वर करायला वेळ नसतो, म्हणून तयारी जूनमध्येच उरका. दक्षिणेकडे ऑस्ट्रेलियात तेव्हा पेरणी असते, त्यांच्याकडे दाखवायला पांढरं शेत नसतं. तुम्ही त्यांना ऑक्टोबरमध्ये वेचणीचे ताजे व्हिडिओ द्या, ते तुम्हाला एप्रिल-मे मध्ये देतील. ही अदलाबदल फुकट आहे आणि विश्वास जमायला ठरावापेक्षा जास्त उपयोगी पडते.

मोजायचं काय? लाईक सोडा. मोहिमेत आलेल्या दुकानांच्या एका ठरलेल्या प्रकारात, समजा मुलांचे टी-शर्ट, आधी आणि नंतर टॅग वाचून कापसाचे किती होते ते मोजा, दोन्ही देशांत त्याच पद्धतीने. दोन पोरं एका दुपारी एक दुकान मोजतात. आकडा खाली गेला तरी पार्टनरला पाठवा, उलट तोच आधी पाठवा.

हे वर्षभर चाललं की मग लोकरवाल्यांकडे आणि तागवाल्यांकडे बघा. युरोपात कपड्याच्या पर्यावरण लेबलमध्ये धुताना निघणारं सूक्ष्म प्लास्टिक धरा म्हणून २०२१ मध्ये नैसर्गिक धाग्यांच्या संघटनांनी 'मेक द लेबल काउंट' नावाने एकत्र आवाज काढला, ते कापसाने एकट्याने करण्यासारखं नव्हतंच. पण तो पुढचा टप्पा. आत्ता पहिल्या मेलमध्ये चार ओळी पुरेत: आम्ही कोण, आमच्याकडे कापूस कुठे हरतोय, तुमचं कोणतं एक काम आम्हाला आवडलं, आणि त्याची फाईल मिळेल का. सोबत आपली एक फाईल न मागता जोडा, एडिट होणारी.