पी ०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका
चोर्ला घाट चढून आलेली जुनी पेट्रोल पिकअप, चेक इंजिनचा दिवा पेटलेला, स्कॅनरवर पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर साफ करणारा भाग) नीट काम करत नसल्याचा कोड. थांबा, खर्चात पडू नका! सोबत पी ०३०० (मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचा कोड) असेल तर आधी मिसफायर काढा. प्लग, कॉइल बघा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरची वाट लावतं.

मग गळती बघा: थंड इंजिन चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडाजवळ कान द्या. फटफट आवाज, जोडावर काजळी, म्हणजे जोडातलं गॅस्केट (सील) गळतंय. आमच्या खानापूरच्या पावसात सायलेन्सरचा पाईपही गंजतो, तोही तपासा.

गळती नसेल तर गाडी चांगली तापवून २५०० आरपीएमवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा) स्कॅनरवर बघा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्ट नाचणारच. मागचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर हवा. तोही पुढच्यासारखाच नाचला, तर कन्व्हर्टर गेला समजा.