नाव नसलेला चौथा प्रबंध : लॅटिन हस्तलिखितांकडे वळणाऱ्यांसाठी

लॅटिन हस्तलिखितांचा अभ्यास कुठून सुरू करावा, असे नवे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना बोएथियसच्या नावावर असलेल्या पाच ईश्वरशास्त्रीय प्रबंधांपैकी चौथा, ‘दे फिदे कॅथोलिका’ (‘कॅथोलिक श्रद्धेविषयी’), हाती घ्यायला सांगते. माझी सुरुवात त्यानेच झाली. प्रबंध लहान आहे, भाषा सरळ आहे, आणि तो कोणी लिहिला या एका प्रश्नात या विद्येची बहुतेक साधने वापरावी लागतात.

बोएथियस हा रोममधील तत्त्वज्ञ. तेव्हा इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजा थिओडोरिकच्या आज्ञेने इ. स. ५२४ च्या सुमारास त्याला देहदंड झाला. तुरुंगात त्याने लिहिलेल्या तत्त्वज्ञानपर ग्रंथात ख्रिस्ताचे नावही येत नाही. म्हणून हे ख्रिस्ती प्रबंध त्याचे नसावेत, असे एकोणिसाव्या शतकात काही विद्वान ठामपणे म्हणत होते. पुढे जर्मनीतील रायशेनाऊच्या मठातून कार्ल्सरुहेच्या ग्रंथालयात आलेल्या एका पोथीत आल्फ्रेड होल्डर यांना कासिओडोरसच्या लेखनातील एक छोटा उतारा सापडला, आणि हेर्मान उझेनर यांनी तो १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. कासिओडोरस बोएथियसचा समकालीन होता. त्याने नोंदवले आहे की, बोएथियसने पवित्र त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) एक पुस्तक, काही सिद्धांतविषयक प्रकरणे आणि पाखंडी ठरवलेला धर्मगुरू नेस्टोरियस याच्याविरुद्ध एक पुस्तक लिहिले. इतक्या एका वाक्याने मोठा वाद मिटला.

चौथ्या प्रबंधाचा मात्र मिटला नाही. उत्तम प्रतींत त्याला ना शीर्षक आहे, ना कर्त्याचे नाव. शिवाय बाकीच्या प्रबंधांत तर्काची काटेकोर मांडणी आहे, तर इथे सृष्टीच्या उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतचे श्रद्धाविधान साधेपणाने सांगितले आहे. १९०१ मध्ये लॅटिनचे अभ्यासक ई. के. रँड यांनी प्रबंधिका लिहून तो बोएथियसने लिहिल्याचे नाकारले. १९१८ मध्ये एच. एफ. स्ट्युअर्ट यांच्यासह मूळ संहिता व भाषांतर प्रसिद्ध करताना त्याच रँड यांनी आपला तो निष्कर्ष टिकणारा नाही, असे छापून सांगितले. त्यांचे कारण नीट लक्षात घ्यावे : नाव नसले तरी हा प्रबंध बोएथियसच्या ईश्वरशास्त्रीय लेखनाच्या दोन वेगवेगळ्या पाठपरंपरांत, म्हणजे संहितेच्या दोन वेगळ्या रूपांत, घट्ट बसलेला आहे, आणि कासिओडोरसची ‘सिद्धांतविषयक प्रकरणे’ याच्याखेरीज दुसऱ्या कोणत्या प्रबंधाला लागू पडणे कठीण आहे. मला हा युक्तिवाद शैलीच्या युक्तिवादापेक्षा बळकट वाटतो, कारण एकच लेखक शिष्यासाठी एका तऱ्हेने आणि विद्वान मित्रासाठी दुसऱ्या तऱ्हेने लिहू शकतो.

मजकुराच्या शेजारी काय आहे हाही असा पुरावा ठरतो, म्हणून पोथी उघडल्यावर फक्त आपला मजकूर उतरवू नये. त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, शाई व हस्ताक्षर कुठे बदलते, हे आधी टिपून ठेवावे. मी पहिल्या वर्षी हे केले नाही आणि सहा महिन्यांनी सगळ्या प्रती पुन्हा पाहाव्या लागल्या. दुसरी चूक याहून बारीक होती. नवव्या शतकाच्या लिपीत ‘नोन’, म्हणजे ‘नाही’, हा शब्द बहुधा केवळ एन् अक्षर आणि त्यावर आडवी रेघ असा लिहितात. एका ठिकाणी ती रेघ पुसट होती. मी तिला डाग समजले आणि मी उतरवलेल्या मजकुरात वाक्याचा अर्थ उलटा झाला. तेव्हापासून मी प्रत्येक रेघ प्रतिमा मोठी करून पाहते.

पाठचिकित्सेची, म्हणजे प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्याची, तत्त्वे मराठी विद्यार्थ्याला परकी वाटायचे कारण नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखटणकर यांचे शिक्षण बर्लिनमध्ये झाले होते, आणि आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना वाचून मला प्रतींची वंशावळ (कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली) म्हणजे काय हे लॅटिन पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर उमगले.

पहिल्या आठवड्यात एवढेच करावे : रायशेनाऊच्या अनेक पोथ्या आता कार्ल्सरुहेच्या ग्रंथालयाने संगणकावर खुल्या केल्या आहेत, त्यांतील एक पान घेऊन संक्षेप (आखडून लिहिलेले शब्द) न उलगडता जसेच्या तसे उतरवावे. मग चौथ्या प्रबंधाचे पहिले वाक्य छापील आवृत्तीत पाहावे, ‘क्रिस्तियानाम फिदेम नोवी आक वेतेरिस तेस्तामेन्ती पान्दित आउक्तोरितास’, म्हणजे ‘नव्या आणि जुन्या कराराचे प्रामाण्य ख्रिस्ती श्रद्धा उलगडून दाखवते’, आणि यातील कोणते शब्द लेखनिकाने आखडले असते हे आधी स्वतः लिहून मगच पोथीशी ताडून पाहावे.